नावांचे अर्थ माझे, गिऱ्हाइकं त्याची

दिवाळी अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहायला बसलं की माणसं बहुधा गुरूंपासून आणि उपकारकर्त्यांपासून सुरुवात करतात. मी निखिल तापकीरपासून करते. माझ्या उभ्या नोकरीत मी एकाच माणसाचा मनापासून हेवा केला, तो ह्याचा. आता निवृत्त होऊन पुण्यात परतले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी कुणी त्याचं नाव काढलं की पोटात थोडं दुखतंच.

ओसाकात जुन्या अमेरिकन गाड्यांच्या एका दुकानात मी दुभाषी होते. हे सांगितलं की लोकांना आधी खोटं वाटतं. पुण्याच्या जपानी भाषेच्या वर्गात पाच वर्षं घासलेली बाई, तिचा आणि गाड्यांचा संबंध काय? संबंध नवऱ्यामुळे आला. सुहासची बँकेतर्फे ओसाकाला बदली झाली, तेव्हा मीही नोकरी सोडून गेले. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. तिकडे तोक्योत, निशी-कसाईत, आयटीवाल्या मराठी मुलांची वस्तीच्या वस्ती उभी राहत होती. आम्ही ओसाकावाले तिथल्या दुकानातून कुरियरने तूरडाळ आणि गोडा मसाला मागवायचो आणि त्यांच्या गणपतीचे फोटो बघायचो. माझ्या व्हिसावर ‘आश्रित’ अशा अर्थाचा शब्द होता. बँकेतल्या समारंभांत मला ‘सबनीस-सानच्या मिसेस’, म्हणजे सबनीससाहेबांच्या मिसेस, म्हणत. नगरपालिकेच्या कचऱ्याच्या वेळापत्रकातले बारीक बारीक नियम मी इमारतीतल्या जपानी बायकांपेक्षा नीट वाचत असे, पण माझ्या नावाने मला कुणी हाक मारत नव्हतं.

म्हणून अरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, करायची परवानगी काढली आणि हिरानो-सानच्या दुकानात लागले. अमेरिकेतल्या विक्रेत्यांशी इंग्रजीत पत्रव्यवहार करायला त्यांना कुणीतरी हवं होतं. साठीचे, किडकिडीत गृहस्थ. अंगात कायम धुऊन पांढुरकी पडलेली निळी डांगरी. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं शोरूम होतं आणि त्यात ते ज्यांना मसल कार म्हणतात त्या गाड्या उभ्या असत.

मसल कार म्हणजे काय, ते मला समजलं तसं सांगते. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या कंपन्यांनी साध्या घरगुती गाडीत भलंमोठं इंजिन बसवलं आणि तरुणांना परवडेल अशा बेताने ती विकली. गाडी सरळ रस्त्यावर सुसाट जाते, वळणावर मात्र कुरकुरते. जपानात अशी गाडी घेणं म्हणजे हौसेची परिसीमा. गल्ल्या अरुंद, त्यात स्टिअरिंग उलट्या बाजूला. टोलनाक्यावर तिकीट घ्यायला हात पोचत नाही, म्हणून ही माणसं लांब दांड्याचा चिमटा जवळ ठेवतात. शिवाय गाडी लावायला जागा आहे असा पोलिसांचा दाखला असल्याशिवाय तिथे गाडी नावावर होत नाही. कितीतरी गिऱ्हाइकं पसंती करून, चहा पिऊन, घरी जाऊन टेप लावून जागा मोजत आणि पडलेल्या आवाजात फोन करत.

हिरानो-सानची एक खंत होती. ते म्हणायचे, ह्या गाड्यांची नावं आम्ही जपानी लिपीत लिहितो तेव्हा नुसता आवाज उतरतो, अर्थ समुद्रापलीकडेच राहतो. त्यांनी मला काम दिलं की प्रत्येक गाडीच्या काचेवर तिच्या नावाचा अर्थ सांगणारी एक पाटी लावायची. मी ग्रंथालयात बसून जुनी मासिकं चाळायची, अमेरिकेतल्या जाणकारांना विचारायची आणि चार ओळी लिहायची. त्या चार ओळींसाठी मी आठवडा आठवडा घालवत असे. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं लेखन, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

मस्टँग म्हणजे मोकळ्या माळावरचा रानघोडा. पण काही जाणकारांच्या मते नाव सुचवणाऱ्याच्या मनात घोडा नव्हता, त्याच नावाचं दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान होतं. दोन्ही लिहावं म्हणून मी कच्ची पाटी हिरानो-सानना दाखवली. त्यांनी बराच वेळ वाचली आणि विमानाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, आमच्या गिऱ्हाइकांतल्या काहींनी लहानपणी हे विमान डोक्यावर पाहिलंय, इथे घोडाच ठेवा. मी घोडा ठेवला. चार्जर म्हणजे लढाईत स्वाराला घेऊन शत्रूवर धावून जाणारा घोडा. जीटीओ ही अक्षरं एका इटालियन शर्यतीच्या गाडीची, अमेरिकनांनी ती चक्क उचलली. इटालियन शौकिनांचा त्यावरचा राग अजून गेलेला नाही.

बॅराकुडा म्हणजे लांब जबड्याचा, दातेरी, शिकारी मासा. एकदा मासळीबाजारातला एक घाऊक व्यापारी ती पाटी वाचून गाडीपुढेच उभा राहिला. म्हणाला, हा मासा विषारी निघतो म्हणून आम्ही बाजारात येऊ देत नाही, आणि आता मी ह्याच्यातच बसून बाजारात जाऊ? त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, पोटभर हसला आणि गाडी घेतली. हिरानो-सान त्या दिवशी मला म्हणाले की गाडी पाटीने विकली. मी ते वाक्य घरी जाऊन सुहासला तीन वेळा ऐकवलं.

आणि मग निखिल आला.

हिरानो-सानना वेबसाइट हवी होती. पुण्यातल्या एका कंपनीने कंत्राटावर पोरगा पाठवला. आधी निशी-कसाईत राहिलेला, मूळचा धनकवडीचा, वय पंचविशीपुढे थोडंसं. जपानी भाषेतले त्याच्याजवळचे शब्द तीन: ‘सुगोई’ म्हणजे भारी, ‘दाइजोबू’ म्हणजे चालतंय आणि ‘ओनेगाई’ म्हणजे प्लीज. त्या तीन शब्दांवर त्याने आठवड्याभरात दुकान जिंकलं. मेकॅनिक मंडळी त्याला गाडीखाली बोलावून इंजिन दाखवायची. शेजारच्या कोंबिनीतली, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानातली मुलगी त्याच्यासाठी भाताचे शाकाहारी गोळे बाजूला काढून ठेवायची. मी त्या कोंबिनीत त्याच्या कितीतरी आधीपासून जात होते.

मला तो पहिल्या दिवशी ‘काकू’ म्हणाला. मी चष्म्यावरून पाहिल्यावर ‘ताई’ झाले.

वेबसाइटसाठी माझ्या पाट्या लागणार म्हणून तो त्या माझ्याकडून मराठीत समजून घ्यायचा. तिथवर ठीक होतं. पण गिऱ्हाईक आलं की हा संगणक सोडून बाहेर यायचा आणि त्याच अर्थाला शेपूट लावून गोष्ट सांगायचा, मराठीतून. मग म्हणायचा, “ताई, सांगा ना त्यांना.”

एकदा मुलाचं लग्न ठरलेला एक बाप चार्जरपुढे उभा होता. निखिल सुरू झाला, “आमच्याकडे नवरदेव घोड्यावरून येतो. घोडा बँडला घाबरतो, फटाक्यांना घाबरतो, नवरदेव तर सगळ्यांनाच घाबरतो. पण जो घोडा ह्या सगळ्यातून त्याला मांडवापर्यंत नेतो ना, त्याला चार्जर म्हणतात.” असं कुठल्याही कोशात नाही. मी ते शब्दन् शब्द जपानीत सांगितलं. बाप हसला, मग त्याने खिशातून रुमाल काढला आणि निखिलचा हात दोन्ही हातांत धरला.

दुभाषाच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. समोरचा ‘मी’ म्हणाला की आम्हीही ‘मी’ म्हणायचं. ‘हे म्हणतायत की’ वगैरे लावायचं नाही. पदरचं घालायचं नाही, त्यांचं गाळायचं नाही, आणि आपण तिथे नाही असं समजून बसायचं. म्हणजे शोरूममध्ये दिवसभर ‘माझ्या गावी’, ‘मला वाटतं’, ‘मी एकदा पाहिलं’ हे सगळं माझ्या तोंडून, माझ्या निवडलेल्या जपानी शब्दांत बाहेर पडत होतं आणि त्यातलं काहीही माझं नव्हतं. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघतसुद्धा नसत. वाकून नमस्कार व्हायचा तो निखिलला. मला त्याचा राग यायचा असं म्हटलं तर ते सभ्य होईल. मी जळत होते. पोरगा मनाने इतका निर्मळ की भांडायलाही निमित्त देत नव्हता, त्यामुळे आणखीच जळत होते.

त्या वर्षअखेरच्या पार्टीत हिरानो-सान ग्लास हातात घेऊन उभे राहिले. दुकानाच्या वर्धापनदिनाला गाड्यांच्या नावांची एक छोटी पुस्तिका छापायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यायची, असं त्यांनी जाहीर केलं. मी हातातला ग्लास खाली ठेवला. पुढे ते म्हणाले, “तापकीर-सानच्या गोष्टींची पुस्तिका.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि निखिलने माझ्याकडे वळून विचारलं, “काय म्हणाले, ताई?” ते वाक्य मलाच त्याला मराठीत सांगावं लागलं.

घरी आल्यावर सुहास म्हणाला, “अगं, मजकूर तुझाच छापणार ना? मग नाव कुणाचं का असेना.” ज्यांचं नाव व्हिसावर, भाडेकरारावर आणि दारावरच्या पाटीवर असतं त्यांना असं बोलणं सोपं असतं. मला त्या पुस्तिकेवर माझं नाव हवं होतं. त्या देशात माझ्या नावाने काहीतरी छापलेलं असावं, एवढीच इच्छा होती, आणि ती मी हिरानो-सानना बोलून दाखवू शकत नव्हते. आश्रिताने असं मागितलेलं तिथे शोभत नाही, आणि आपल्याकडे तरी कुठे शोभतं.

पुस्तिकेचं काम चालू असतानाच ओकुनो-सान आल्या.

सत्तरीच्या बाई, नीट बांधलेले पांढरे केस, हातात कापडी पिशवी. नवरा वसंतात वारला होता. छत्र्या दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं आणि भाड्याच्या गॅरेजमध्ये एक कॅमारो होती, गडद हिरवी, आरशासारखी लखलखीत. हिरानो-सान त्या गाडीच्या मागे कित्येक वर्षं होते. बाई ती विकायला आल्या होत्या. कागदपत्रं तयार झाली, चहा आला, तेवढ्यात त्यांनी विचारलं की ह्या नावाचा अर्थ काय.

त्या सांगू लागल्या. नवरा दर रविवारी सकाळी गॅरेजमध्ये जायचा तो संध्याकाळी यायचा. लग्नानंतर ह्यांना त्या गाडीत एकदाच बसवलं, तेही शिंक आली तर डोकं बाहेर काढून शिंक म्हणाला. एकदा त्यांनी नावाचा अर्थ विचारला तर तो म्हणाला, काही अर्थ नाही. पुन्हा काही वर्षांनी विचारलं, पुन्हा तेच, काही अर्थ नाही. इतका जीव लावलेल्या वस्तूच्या नावाला अर्थ नसेल, हे बाईंना पटेना. तो काहीतरी लपवतोय असं त्यांना वाटायला लागलं. कुणा बाईचं नाव असेल का, असंही वाटलं. मग त्यांनी विचारायचंच सोडलं.

“मी त्या गाडीचा हेवा करायचे,” ओकुनो-सान म्हणाल्या. “ह्या वयात सांगायला लाज वाटते. पण विकायच्या आधी कळलं तर बरं.”

मी हे निखिलला मराठीत सांगितलं. हेव्याच्या वाक्यापाशी माझा आवाज अडखळला. निखिलचे डोळे भरून आले, कारण तो तसाच आहे, आणि तो लगेच म्हणाला, “ताई, त्यांना सांगा, कॅमारो म्हणजे जिवाभावाचा मित्र. आणि माणूस जिवाभावाच्या मित्राकडे जाऊन काय करतो? बायकोबद्दलच बोलतो. दर रविवारी काका तिथे बसून तुमच्याबद्दलच बोलत असणार.”

मी सांगितलं. सगळं, त्याच्याच शब्दांत, ‘मी’ म्हणून. इतकं सुंदर जपानी मी क्वचितच बोलले असेन. हिरानो-सान खाली बघत होते. ओकुनो-सान हलकेच हसल्या आणि त्यांनी निखिलचे आभार मानले. मग त्या खुर्चीतल्या खुर्चीत माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “आणि तुम्ही? ह्या पाट्या तुम्ही लिहिता ना? तुम्हाला काय माहीत आहे?”

त्या दुकानात गिऱ्हाइकाने मला प्रश्न विचारल्याची ती पहिली वेळ. कॅमारोवर मी महिनाभर घालवला होता. कंपनीने तो शब्द जुळवला होता. नाव जाहीर झाल्यावर बातमीदारांनी अर्थ विचारला, तेव्हा जुन्या फ्रेंचमध्ये मित्राला असं म्हणतात असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या कुणी थट्टेने सांगितलं की हा मस्टँगला खाणारा एक लहानसा खुनशी प्राणी आहे. पण शब्द आधी ठरला आणि अर्थ मागाहून शोधला, हे बहुतेक जाणकार मान्य करतात. मी हे सगळं सांगितलं नाही.

“ह्या शब्दाला अर्थ नाही,” मी म्हणाले. “कंपनीने तो बनवलेला आहे. तुमच्या मिस्टरांनी तुम्हाला दोन्ही वेळा खरंच सांगितलं.”

त्या तोंडावर हात धरून हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. “खरंच सांगत होता,” एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. निखिल मला कोपराने ढोसून विचारत होता, काय झालं, काय सांगितलं तुम्ही. त्या एका प्रसंगात तो बाहेर होता आणि मी आत, आणि मला त्याचा निव्वळ आनंद झाला. बाईंनी कागद पिशवीत घातले आणि गाडी तूर्त विकायची नाही असं हिरानो-सानना सांगितलं. हिरानो-सान दारापर्यंत जाऊन कमरेत वाकले. गाडी हातची गेल्याबद्दल ते मला एका शब्दाने बोलले नाहीत.

पुस्तिका शरदात छापून आली. गठ्ठा सोडला आणि वरची प्रत हातात घेतली तर मुखपृष्ठावर जपानी लिपीत एकच नाव होतं, सबनीस माधवी. मला वाटलं छापखान्याची चूक. हिरानो-सान म्हणाले, चूक नाही. तापकीर-सान एकदा माझ्याकडे एकटेच आले आणि एक वाक्य बोलले, “कोतोबा वा झेम्बु सबनीस-सान.” म्हणजे, शब्द सगळे सबनीसबाईंचे. वाक्य त्याने कोंबिनीतल्या त्या मुलीकडून पाठ करून घेतलं होतं, कारण दुभाषी म्हणून मला तर नेता येत नव्हतं. मी पाच वर्षं शिकून आणि कितीतरी महिने घुटमळून जे मागू शकले नाही, ते त्याने चार शब्दांत आणून दिलं. मी त्याला गुलाबजाम करून घातले. तो सात खाऊन म्हणाला, “ताई, एक नंबर.” माझा हेवा त्यामुळे कमी होईल असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं.

काही दिवसांनी ओकुनो-सान पुस्तिका घ्यायला आल्या. त्यांची कॅमारो तपासणीसाठी आमच्याकडेच होती. त्यांनी मुखपृष्ठ वाचलं, “माधवी-सान” असं माझं नाव घेतलं आणि कॅमारोचं पान उघडून तिथली एकुलती एक ओळ मोठ्याने वाचली: ह्या शब्दाला अर्थ नाही. मग त्यांनी विचारलं, तापकीर-सान मला एक चक्कर मारून आणतील का? परवाना निखिलने तिथला करून घेतलेला होता. हिरानो-सान हो म्हणाले. निखिलने दार उघडून धरलं आणि बाई पुढच्या सीटवर बसल्या. मी पर्स उचलून मागच्या सीटकडे निघाले, कारण ह्या दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळणार नव्हतं. ओकुनो-साननी काचेतून मला वाकून नमस्कार केला आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, तुम्हाला उगाच कशाला त्रास.

इंजिन गुरगुरलं आणि ती हिरवी गाडी बंदराच्या रस्त्याला लागली. मी शोरूमच्या दारात पर्स घेऊन उभी राहिले. परत आले तेव्हा दोघं हसत होते, बाईंच्या नीट बांधलेल्या केसांतले दोन-चार सुटले होते आणि त्या हातवारे करून निखिलला काहीतरी सांगत होत्या. त्याचा काहीतरी जबाबही येत होता.

त्या गेल्यावर मी निखिलला विचारलं, एवढं काय बोलत होतात?

“काय माहीत, ताई,” तो म्हणाला. “त्या जपानीत बोलत होत्या, मी मराठीत. पण मस्त गप्पा झाल्या.”

ती पुस्तिका माझ्याकडे अजून आहे, नावासकट. पण त्या गप्पा काय झाल्या ते मला कधीच कळणार नाही, आणि त्या दोघांपैकी कुणालाही ते कळून घ्यायची गरज वाटली नाही.